तळ्यातील गाळ आणि पाण्यात न विरघळणारी विषे

सायपरमेथ्रिनचे औषध पंपातील पाण्यात ओतले की पाणी दुधासारखे पांढरे होते, हे फवारणी करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. औषध पाण्यात विरघळले, असा त्यावरून सर्वसाधारण समज होतो. तो बरोबर नाही. ते औषधाचे अतिसूक्ष्म थेंब असून, औषधात मुद्दाम घातलेल्या साबणासारख्या द्रव्यामुळे ते पाण्यात पसरून राहतात, इतकेच. शुद्ध सायपरमेथ्रिन एक लिटर पाण्यात अवघे ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास विरघळते. १० टक्के तीव्रतेचे औषध १० मिलिलिटर घेतल्यास त्यात मूळ विष सुमारे १ ग्रॅम असते; १५ लिटरच्या पंपातील पाण्यात त्याचा सतरा हजारावा भाग विरघळला तरी पुष्कळ झाले.

फवारणीनंतर जोराचा पाऊस पडला, म्हणजे हे विष मातीच्या कणांना चिकटून ओघळीवाटे ओढ्यात, शेततळ्यात किंवा गावतळ्यात येते. पाणी संथ झाले की माती तळाशी बसते व तिच्याबरोबर विषही बसते. कुजलेला पालापाचोळा ज्या गाळात अधिक, त्या गाळात ते अधिक घट्ट धरून ठेवले जाते. म्हणून अशा तळ्याचे वरचे पाणी बाटलीत भरून तपासले व त्यात काही आढळले नाही, एवढ्यावरून तळे निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मध्य खोऱ्यात पाटचाऱ्या व लहान ओढे यांतून गाळाचे ७० नमुने घेण्यात आले. त्या तपासणीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. सायपरमेथ्रिन ज्या वर्गात मोडते त्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे १०० पैकी ७५ नमुन्यांत, या प्रमाणात आढळली. आणि १०० पैकी ४२ ठिकाणी, या प्रमाणात, गाळात सोडलेले लहान जलचर निदान एकदा तरी लक्षणीय संख्येने मेले.

गाळात राहणारे हे जीव कोणते? तळ्याच्या काठचा ओला गाळ ओंजळीत घेऊन पाण्यात विसळला, तर बारीक तांबड्या अळ्या वळवळताना दिसतात. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमस नावाच्या माशीच्या त्या अळ्या होत. आपल्या रक्तात असते तसे तांबडे द्रव्य त्यांच्या अंगात असल्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या जगू शकतात. चिखलाची नळी करून त्या तीत राहतात व आसपासचा कुजका अंश खातात. म्हणजे विष चिकटलेले कणच त्यांच्या पोटात जातात. मृगळ व सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे या अळ्यांवर पोसतात. ज्याने शेततळ्यात मत्स्यबीज सोडले आहे, त्याच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

अशा विषाची परीक्षा पाण्यात करणे कठीण असते. पाण्यात घातलेले विष भांड्याच्या काचेला चिकटते, तळाशी बसते, आणि जीवाला नेमके किती मिळाले हे सांगता येत नाही. म्हणून विष गाळातच मिसळावे लागते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००४ साली यासाठी एक पद्धत ठरवून दिली. तीत ७५ टक्के बारीक वाळू, २० टक्के केओलिन नावाची पांढरी चिकणमाती व ४ ते ५ टक्के पीट, म्हणजे दलदलीतील कुजके शेवाळ, मिसळून कृत्रिम गाळ तयार करतात. खरी अडचण पुढे येते. जे पाण्यात विरघळत नाही ते ओल्या गाळात सारखे कसे मिसळावे? त्यासाठी ते प्रथम अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून थोड्या वाळूवर ओततात. द्रावक पूर्णपणे उडून गेला की प्रत्येक कणावर विषाचा पातळ थर राहतो. मग ती वाळू उरलेल्या गाळात कालवतात. मरण द्रावकामुळे आले की विषामुळे, हा संशय राहू नये म्हणून काही भांड्यांत नुसता द्रावक उडवलेली वाळू घालतात. काही भांड्यांत यांपैकी काहीच नसते.

गाळाच्या थराच्या चौपट उंचीचे पाणी वर भरून भांडी काही दिवस स्वस्थ ठेवतात. नंतर अंड्यांतून निघून दोन-तीन दिवस झालेल्या अळ्या, प्रत्येक भांड्यात साधारणपणे २०, सोडतात. विषाची निदान पाच प्रमाणे घेतात. पाण्यात हळुवार हवा सोडतात आणि अळ्यांना माशांच्या खाद्याची पूड मोजून देतात. हे खाद्य फार झाले तर पाणी नासते. कमी पडले तर अळ्या उपासाने मरतात व दोष विषाला लागतो. ही परीक्षा २८ दिवस चालते. रोज किती माश्या बाहेर पडल्या व त्यांत नर-मादी किती, याची नोंद करतात. निर्विष भांड्यांतूनच १०० पैकी ७० माश्या बाहेर पडल्या नाहीत, तर सारा प्रयोग रद्द समजतात.

अठ्ठावीस दिवस कशाला, चार दिवसांत कळत नाही काय? पुष्कळदा कळत नाही. डायफ्लुबेन्झुरॉन हे औषध किड्याच्या नव्या कातडीची घडण बिघडवते. त्यामुळे अळी खाते, हिंडते, धडधाकट दिसते आणि कात टाकण्याच्या वेळी मरते. इतर काही विषांनी अळी मरत नाही. पण तिची वाढ मंदावते, माशी उशिरा निघते किंवा कोषातच राहते. चौथ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजून थांबणाऱ्यास यांतले काहीच दिसणार नाही.

या परीक्षेचे आकडे आपल्या तळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे मत आहे. ती २० अंश उष्णतेच्या पाण्यात व केओलिनच्या गाळात होते. आपल्याकडे काळ्या मातीचा गाळ व बहुतेक महिने त्याहून उष्ण पाणी. शिवाय पायरेथ्रॉइड औषधे थंड पाण्यात अधिक जहाल ठरतात, तेव्हा उन्हाळ्यात निभावलेले तळे हिवाळ्यात निभावेलच असे नाही. तसेच गाळात तांबड्या अळ्या दिसल्या म्हणून तो निर्विष ठरत नाही. पायरेथ्रॉइडच्या बाबतीत याहून नाजूक जलचर पुष्कळ आहेत.

गाळाचा नमुना पाठविण्याचा प्रसंग आल्यास कार्यकर्त्याने खोल खणू नये. अलीकडे आलेले विष वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात असते. खालचा जुना गाळ मिसळल्यास ते विरळ दिसेल. ओघळ तळ्यास जेथे मिळते तेथून, काठावरून आणि मध्यभागातून असे वेगवेगळे नमुने स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावेत. प्लॅस्टिकची बरणी वापरू नये, कारण ही विषे तिलाही चिकटतात. बरण्या उन्हात न ठेवता बर्फाच्या पेटीतून न्याव्यात, परंतु गाळ गोठू देऊ नये. प्रत्येक बरणीवर जागा व तारीख लिहावी. वरच्या शेतांत कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले, त्यानंतर पाऊस केव्हा झाला आणि पंप कोठे धुतले, हे शेतकऱ्यांस विचारून नमुन्याबरोबर लिहून द्यावे.