सर्पदंश, मंत्र आणि शिक्षक

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी या डोंगरी तालुक्यांत पावसाळा लागला की सर्पदंशाच्या वार्ता कानी येऊ लागतात. मांत्रिकाच्या उताऱ्याने अमुक मनुष्य वाचला, ही कथा तोंडोतोंडी, आणि आता भ्रमणध्वनीवरूनही, घरोघर पोहोचते. ‘ही अंधश्रद्धा होय’ एवढे म्हणून भागत नाही; कारण सांगणाऱ्याने वाचलेला मनुष्य प्रत्यक्ष पाहिलेला असतो. अनुभव खरा असतो, निष्कर्ष चुकतो. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी साप. दुसऱ्यात धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. मग विचारावे, ‘धामण चावलेला मनुष्य मंत्रावाचून वाचेल काय?’ उत्तर मुलेच देतील. कवड्या दिसावयास मण्यारीसारखा असतो. रात्री कवड्या चावला, घरच्यांनी मण्यार समजून मांत्रिकास बोलाविले आणि सकाळी रोगी उठून बसला, तर श्रेय कोणाचे? शिवाय विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. उलट, जो दगावला त्याची ‘वेळ भरली होती’ असे म्हणतात. मंत्राच्या हिशेबात तो धरलाच जात नाही. वाचलेले आणि दगावलेले, दोन्ही मोजावयास शिकविणे हेच या पाठाचे सूत्र.

पुढे उपाय सांगावा. सापाच्या विषाची अल्प मात्रा घोड्यास टोचून त्याच्या रक्तजलापासून प्रतिविष तयार करतात. शरीरात विष भिनले असता तेच खरे औषध होय. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व त्वरित रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून वेदना नाही या समजुतीने थांबू नये. सर्पदंशाच्या रोग्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

मांत्रिकाची वर्गात चेष्टा करू नये. तो एखाद्या विद्यार्थ्याचा आजाही असू शकेल. दुखावलेले मूल घरी काहीच सांगणार नाही. आणि हा पाठ तर घरीच पोहोचावयास हवा.

स्वाध्याय : आपल्या घरापासून सर्वांत जवळचे, प्रतिविष मिळणारे रुग्णालय कोणते? रात्री तेथे कोणत्या वाहनाने जाता येईल? वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.