अपवाद आणि आज्ञावलीचा शेवट

व्याकरणात अपवाद नियमाला बाधतो. संगणकाच्या आज्ञावलीत तो कामच थांबवतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाहा: पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, ओसरले की मिटतात. पूर तेथे गृहीतच धरलेला आहे. तुमची बोलीची शब्दसूची वाचणाऱ्या आज्ञावलीतही फाइल न सापडणे गृहीत धरा. पायथनमध्ये जोखमीचे काम ‘ट्राय’खाली, अपेक्षित चुकीवरचा उपाय ‘एक्सेप्ट’खाली लिहावा. सरसकट सर्व चुका गिळणारे ‘एक्सेप्ट’ मात्र दोष लपवते, ते टाळावे. उघडलेली फाइल ‘फायनली’खाली मिटवावी, चूक होवो वा न होवो, तो भाग चालतोच. पुढे जाणे अशक्य असल्यास चूक सांगून शून्येतर संकेतांकाने बाहेर पडावे. शून्य दिल्यास काम सुखरूप झाले असे ठरते, आणि अर्धवट सूची पुरी समजून वापरली जाते.