चकचकीत पुंगळ्यांपासून सावध

काळ्या दारूच्या नेमबाजीत नवा आलेला माणूस काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या विकत घेताना आधी त्यांची चकाकी बघतो. मी म्हणेन, आधी त्या कशाने धुतल्या ते विचारा. अमेरिकेत मी ४५-७० काडतुसाची रायफल घेतली, तेव्हा रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजाने मला पिशवीभर पुंगळ्या दिल्या, अगदी लखलखीत. त्यांतल्या काहींच्या तोंडाशी लवकरच उभे तडे गेले आणि एकदा गरम वायू मागच्या बाजूने फुसकन चष्म्यावर आला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. चौकशी केल्यावर कळले, तो गृहस्थ काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाने पुंगळ्या धूत असे. सगळ्या पकडीने चेपून भंगारात टाकल्या.

काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. पुंगळी ओढून, दाबून घडवलेली असल्याने धातूत ताण दडलेला असतो. बार झाला की तोंड फुगते, पुन्हा भरताना आपण ते आवळतो, आणि तिथले पितळ कडक होत जाते. अशा ताणलेल्या पितळेला ओलावा आणि अमोनिया एकत्र भेटले की तडा आत शिरतो. हे दुखणे प्रथम ठळकपणे दिसले ते ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत. पावसाळ्यात पागेत साठवलेली काडतुसे नंतर तडकलेली निघत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया त्याला कारण होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला.

म्हणून पितळ उजळवायची कोणतीही बाटली घेण्याआधी तिच्यावरचा मजकूर वाचा. अमोनिया दिसला तर ती परत ठेवा.

धुण्यात मात्र दिरंगाई नको. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो आणि हवेतला ओलावा ओढून पितळ खातो. मी रेंजवरच रुंद तोंडाच्या बरणीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब घालून त्यात पुंगळ्या टाकतो. घरी प्रायमर काढून त्याची खोबण ब्रशने घासायची, गरम पाण्यात खळबळून पूर्ण वाळवायचे. काळपट डाग उरले तर उरू देत, नेम त्याने चुकत नाही. आपल्या घरी पितळेची भांडी चिंचेने घासत, तसे इथेही सौम्य सायट्रिक आम्ल चालते, पण काही मिनिटेच. जास्त वेळ ठेवले तर जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. अशी पुंगळी मी वापरत नाही.

तोंड कडक वाटू लागले की तापवून नरम करता येते, पण फक्त तोंडच. बुडाला आच लागली तर ते दाब सोसणार नाही. भरण्याआधी प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून बघा. टोक वाकवलेली तार आतून फिरवा. बुडाजवळ खाच लागली तर ती पुंगळी बाद.

पुंगळी निर्दोष असली तरी दारू आणि शिशाच्या गोळीमध्ये पोकळी ठेवू नका, गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. आणि काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या रायफलीत धूररहित दारू भरायचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्या शेजारच्या बाकावरसुद्धा उभे राहू नका.