परीक्षा आणि मोह

प्रभूच्या प्रार्थनेतील 'परीक्षा' हा शब्द म्हणताना, देवच मनुष्यास पापात लोटितो की काय, अशी शंका कित्येक बंधूंस येते. म्हणून आम्ही याकोबाच्या पत्राचा १ ला अध्याय पुढे ठेवितो.

मूळ ग्रीक भाषेत तेथे एकाच शब्दाची दोन अंगे आहेत. १२ व्या वचनात ती कसोटी होय. सोनार सोने कसास लावितो ते त्याचे खरेपण दिसावे म्हणून. उत्पत्ति २२ मध्ये अब्राहामाची परीक्षा अशीच झाली. परंतु १३ व १४ या वचनांत याकोब बजावितो की, देव कोणास वाइटाचा मोह घालीत नाही. ज्याची त्यास वासनाच ओढिते. तेथील एक क्रियापद मासे धरण्याच्या आमिषावरून आलेले आहे. (आपली हाव दैवाच्या माथी मारण्याची खोड आम्हां सर्वांस आहेच!)

पीक बुडाले, ही परीक्षा. त्या दुःखात शेजाऱ्याचा बांध कोरावासा वाटला, हा मोह. आणि नांगर खरोखर तेथे घातला, म्हणजे पाप.

मोह समोर आला एवढ्याने कोणी दोषी ठरत नाही. अरण्यात ४० दिवस उपाशी राहिलेल्या प्रभूसही सैतानाने धोंड्यांच्या भाकरी करावयास सुचविले. त्याने अनुवाद ८:३ मधील वचनाने त्यास उत्तर दिले. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्याकडून शिक्षकांनी हे वचन पेरणीपूर्वी पाठ करून घ्यावे.