निर्जंतुक पेटी आणि स्वच्छ वस्ती

निवासी शाळेत अनेक मुले एकत्र राहतात, एका पंगतीत जेवतात. तेथे रोगजंतूंची धास्ती पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मनुष्य जंतूंपासून सर्वस्वी दूर राहिला, तर तो अधिक जगेल काय?

विज्ञानाने हे पडताळून पाहिले आहे. १८९५ च्या सुमारास बर्लिन येथे नटाल व थियरफेल्डर यांनी गिनीपिगची पिल्ले निर्जंतुक पेटीत जगवून दाखविली. पुढे अशाच रीतीने वाढविलेले उंदीर काही प्रयोगांत इतरांहून अधिक जगलेही. परंतु त्यांची प्रतिकारशक्ती अपक्व राहिली. आतड्यांतील जंतू जे के जीवनसत्त्व तयार करतात, तेही त्यांना आहारातून पुरवावे लागले. पेटीतील आयुष्य पेटीपुरतेच राहिले.

आपल्या देशात १९५१ च्या सुमारास सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. ही वाढ पेटीने दिलेली नाही. लसीकरण, शुद्ध पाणी, पुरेसे अन्न आणि औषधोपचार यांचा त्यात मोठा वाटा आहे.

वऱ्हाडाला हा धडा गाडगेबाबांनी दिला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या बाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि रात्री कीर्तनातून अस्पृश्यतेवर प्रहार केले. विटाळाच्या कल्पनेने माणसे दूर लोटली गेली. रोग मात्र दूर झाले नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, ८० वर्षांच्या गाडगेबाबांचे निधन झाले. एका आयुष्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण धूळ व घाण यांत उभे राहून इतरांचे आयुष्य वाढविता येते, एवढे निश्चित दिसते.

विनयपिटकात तथागतांची एक कथा आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला कोणी विचारीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुऊन काढले, आणि आजाऱ्याची शुश्रूषा हे संघाचे कर्तव्य ठरविले.

म्हणून वसतिगृहात जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, पाणी झाकून ठेवावे, लसी वेळेवर घ्याव्यात. गोवराचा रुग्ण काही दिवस वेगळा ठेवावाच लागतो. मात्र त्याच्या उशाशी कोणीतरी असले पाहिजे. रोगासाठीचे विलगीकरण आणि विटाळ यांतील हा भेद आमच्या मुलांना कळला, तर आरोग्यशास्त्राचा अर्धा अभ्यास झाला असे आम्ही मानतो.