सर्व रोगांवर एकच औषध

बाजाराच्या दिवशीं सतरंजीवर बाटल्या मांडून, एकच औषध डोकेदुखी, दमा, मूळव्याध, वांति आणि बायकांचे सर्व विकार ह्यांवर चालतें असें ओरडून सांगणारा मनुष्य बीड जिल्ह्यांतील वाचकांच्या परिचयाचा आहे. पुष्कळांस वाटतें कीं, असली लबाडी अशिक्षित गांवांतच चालते, आणि जेथें शाळा व छापखाने झाले तेथें ती टिकत नाहीं. एकोणिसाव्या शतकाचा अनुभव ह्याच्या उलट आहे. ज्या इंग्लंडांत व अमेरिकेंत घरोघर वर्तमानपत्र येऊं लागलें, तेथेंच ह्या धंद्यास सर्वांत मोठी बरकत आली. आणि लोक वाचूं लागले म्हणूनच आली. बाजारांतल्या माणसाचा आवाज एका चौकापुरता असतो. छापलेली जाहिरात एकाच दिवशीं हजारों घरांत बोलते.

ह्या औषधांस ‘पेटंट औषधें’ म्हणत. हें नांवच फसवें होतें. पेटंट म्हणजे नव्या शोधाबद्दल सरकारनें दिलेली सनद. ती मिळविण्यासाठीं आपली कृति उघड करावी लागते. हे विक्रेते तर कृति गुप्त ठेवीत, आणि हक्क सांगत तो केवळ नांवावर व बाटलीवरील चित्रावर. इंग्लंडांत १७८३ पासून अशा औषधांवर कर असे, व तो भरल्याची सरकारी पट्टी बाटलीवर चिकटविलेली असे. पट्टी कराची होती. परंतु गिऱ्हाइकाची समजूत अशी होई कीं, सरकारनें औषध तपासून पसंत केलें आहे. विकणारा अर्थातच ती समजूत दूर करीत नसे.

टॉमस बीचम हा लहानपणीं मेंढ्या राखीत असे. पुढें तो इंग्लंडांतील लँकेशर प्रांताच्या बाजारांतून, आपल्याकडील औषधवाल्याप्रमाणेंच, गोळ्या विकूं लागला. मग त्यानें कारखाना काढला, आणि ह्या डबीचें मोल एक गिनी आहे अशी जाहिरात देशोदेशीं पसरविली. १९०९ सालीं ब्रिटिश डॉक्टरांच्या संघानें अशा गुप्त औषधांचें पृथक्करण करून तें पुस्तकरूपानें छापिलें. बीचमच्या गोळींत काय निघालें? कोरफडीचा काळा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, आणि डबीची किंमत एक शिलिंग दीड पेनी, म्हणजे मालाच्या शंभरपटींहून अधिक! काळ्या बोळानें कोठा साफ होतो, हें खरें. तेवढ्यानें ज्याचें दुखणें हटे, तो गोळीचा भक्त होई.

येथें त्या लोकांस सरसकट मूर्ख ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. त्या काळचे डॉक्टरसुद्धां रोग्याचें रक्त काढीत व पाऱ्याचीं औषधें देत. त्यापेक्षां गोड बाटली बरी असें एखाद्या गरिबास वाटलें, तर त्यांत नवल काय? शिवाय बहुतेक आजार आपोआप उतरतात, आणि उतरते वेळीं जें पोटांत गेलेलें असेल त्यास यश मिळतें.

परंतु सर्वच बाटल्या साबणाइतक्या निरुपद्रवी नव्हत्या. अमेरिकेंत १८४९ पासून विकलें जाणारें ‘मिसेस विन्स्लोचें शांतिदायक सरबत’ दांत येणाऱ्या लेंकरांसाठीं होतें. तें दिलें कीं मूल रडायचें थांबे. त्यांत अफूचें सत्त्व जें मॉर्फिन तें होतें. मॉर्फिनानें वेदना दबते, पण त्याबरोबर श्वासही मंद होतो. निजलेलें मूल दूध मागत नाहीं, आणि मात्रा थोडी अधिक झाली तर तें उठतच नाहीं. जाहिरातींत आयांचीं आभाराचीं पत्रें छापलेलीं असत. तीं सर्व खोटीं होतीं असें नव्हे. परंतु जिचें बाळ गेलें ती आई प्रशस्तिपत्र पाठवीत नाहीं.

बायकांच्या विकारांवर सर्वांत प्रसिद्ध झालेली बाटली लिडिया पिंकहम नामक बाईची. १८७५ पासून ती विकूं लागली. पाळीचे त्रास, अंग बाहेर येणें, कंबरदुखी, उदासी, सर्वांवर हीच एक बाटली. आणि तींत सुमारें पंचमांश दारू! दारूबंदीसाठीं झटणाऱ्या बायाही ती निःशंकपणें घेत. पुरुष डॉक्टरास सांगण्यास लाज वाटते, तर मिसेस पिंकहम ह्यांस पत्र लिहा, असें कंपनी छापी, आणि बाया आपलें गुह्य लिहून कळवीत. लिडियाबाई १८८३ सालीं मरण पावल्या. तरी पत्रें मागविण्याचें चालूच राहिलें. शेवटीं १९०५ सालीं एडवर्ड बॉक ह्या संपादकानें आपल्या मासिकांत त्यांच्या थडग्याच्या दगडाचें छायाचित्रच छापिलें.

एक गोष्ट आमच्यासारख्या पत्रांनीं झांकून ठेवूं नये. अमेरिकेंतील कित्येक धार्मिक साप्ताहिकें ह्याच जाहिरातींच्या पैशांनीं चालत. उपदेशाच्या स्तंभाशेजारीं जें छापलें जाई, त्यावर साध्या मंडळ्यांचा अधिक विश्वास बसे, आणि विक्रेत्यांना हें चांगलें ठाऊक होतें.

१९०६ च्या अमेरिकन कायद्यानें ह्या बाटल्या बंद केल्या नाहींत. अफू, मॉर्फिन, कोकेन, दारू वगैरे असल्यास तें लेबलावर लिहावें, एवढेंच त्यानें सांगितलें. पण जें लिहावें लागलें तें वाचलें गेलें, आणि पुष्कळांस आपली कृति बदलावी लागली. विन्स्लोच्या सरबतांतून मॉर्फिन पुढें काढण्यांत आलें.

आपल्या देशांत अफूसाठीं परदेशी सरबताची गरज नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस ‘बाळागोळी’ चारीत, म्हणजे अफूच. १९३१ च्या मजूर-कमिशननें ह्या चालीची दखल घेतली. त्या आया निर्दय नव्हत्या. दिवसभर मूल पाहण्यास घरीं कोणी नव्हतें, हें त्या गोळीमागचें कारण होतें.

आपल्याकडे घरोघर पोहोंचलेली दुसरी बाटली अमृतधारेची. लाहोरचे पंडित ठाकुरदत्त शर्मा ह्यांनीं ती विसाव्या शतकाच्या आरंभीं चालविली. कापूर, ओंव्याचें फूल व पुदिन्याचें फूल हे तीन कोरडे पदार्थ एकत्र केले असतां आपोआप पातळ होतात. अशा मिश्रणास आजही अमृतधारा म्हणतात. डोक्यास लावल्यास थोडा आराम वाटतो, हें नाकारण्याचें कारण नाहीं. मात्र कापूर लहान मुलाच्या पोटांत गेल्यास झटके येतात, हें प्रत्येक आईनें लक्षांत ठेवावें. ह्या बाटलीचें यश पाहून ‘लक्ष्मणधारा’ निघाली, व नांवाचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ सालीं न्यायालयानें विचार केला तो ह्याच गिऱ्हाइकाचा: साधारण बुद्धीचा, नांव अर्धवट आठवणारा, बहुधा खेडेगांवचा मनुष्य. त्याची फसगत होईल असें ठरलें.

१९५४ सालीं चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींविरुद्ध भारतांत कायदा झाला. त्याच्या यादींतील रोगांवर औषध असल्याची जाहिरात सामान्य लोकांत करतां येत नाहीं. त्या यादींत मधुमेह व कर्करोग आहेत, आणि पाळीचे व गर्भाशयाचे विकारही आहेत. लिडियाबाईंची बाटली येथें जाहिरातींत उभी राहिली नसती.

परंतु कायद्यास जाहिरात दिसते. कानांत सांगितलेला शब्द दिसत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊस तोडण्यास जोडपीं जातात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा पडला तर दंड. अशा कामांत पांढरें जाणें, ओटीपोट दुखणें, पाळीचा त्रास ह्यांस विसांवा कोठला? २०१९ सालीं राज्य सरकारच्या समितीपुढें जी पाहणी आली तींत जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड बायांपैकीं १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येकी चाळिशीच्या आंतल्या होत्या. पिशवी काढली कीं सर्व त्रास संपेल, न काढली तर कर्करोग होईल, असें आपणांस सांगण्यांत आलें, असें अनेकींनीं सांगितलें.

ही शस्त्रक्रिया स्वतः वाईट नाहीं. योग्य वेळीं तिनें प्राण वांचतात. पण पांढरें जाणें बहुधा जंतूंमुळें असतें व गोळ्यांनीं बरें होतें. कंबरदुखी मोळीच्या ओझ्याची असेल तर पिशवी काढून ती जात नाहीं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडें लवकर ठिसूळ होतात, आणि कोयता तर हातांत तसाच राहतो.

म्हणून कोणा बाईस असा सल्ला मिळाला असेल, तर उपदेशकांनीं व त्यांच्या घरच्यांनीं तिला तीन प्रश्न विचारण्यास शिकवावें: माझ्या रोगाचें नांव काय? कोणत्या तपासणींत तें दिसलें? आधीं औषध देऊन पाहिलें काय? उत्तर कागदावर लिहून घ्यावें. तो कागद घेऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जावें, आणि दुसऱ्या डॉक्टरचें मत घ्यावें. ह्यासाठीं एक दिवस मोडतो. तो कारखान्यावर जाण्यापूर्वींच मोडलेला बरा, कारण तेव्हां खाडा पडत नाहीं.