उसन्या ओळी

दुसऱ्याच्या चार ओळी आपल्या प्रोग्रॅमांत आणून बसविणें ही नक्कल नव्हे काय, असा प्रश्न संगणक शिकणाऱ्या मुलांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. निबंधाच्या वहींत शेजाऱ्याचा परिच्छेद उतरून काढणाऱ्यास आम्ही गुण देत नाहीं. मग येथें निराळा न्याय कां लावावा? ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्याजोगें नाहीं, म्हणून ज्या लोकांत अशी देवघेव उघडपणें चालते त्यांची रीत प्रथम पाहूं.

ज्याचा मूळ मजकूर कोणासही वाचतां, बदलतां व पुढें देतां येतो अशा प्रोग्रॅमास 'ओपन सोर्स' म्हणतात. हें नांव १९९८ सालीं रूढ झालें. रीत त्याहून जुनी आहे. ह्या मंडळींत ग्रंथाएवढे प्रोग्रॅम जसे वाटले जातात, तसे दहाबारा ओळींचे तुकडेही वाटले जातात. तारीख कशी मांडावी, यादी क्रमानें कशी लावावी, अमुक चूक कां येते, अशा ह्या गोष्टी. आपल्याकडे लोणच्याचें प्रमाण किंवा खोकल्यावरचा काढा एका घरून दुसऱ्या घरीं जातो, तसेंच हें आहे. १९८५ सालीं लॅरी वॉल ह्यांनीं 'पॅच' नांवाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला आणि ही देवघेव फारच सुलभ झाली. सबंध प्रोग्रॅम न पाठवितां केवळ बदललेल्या ओळी व त्यांच्या आगेंमागें असलेल्या दोनतीन ओळी पाठविल्या म्हणजे पुरे होऊं लागलें. आगेंमागेंच्या ओळी कशास? तर घेणाऱ्याची प्रत मधल्या काळांत थोडी पुढेंमागें सरकली असली, तरी योग्य जागा सांपडावी म्हणून. १९९१ सालीं सुरू झालेली लिनक्स ही प्रचंड प्रणाली अशाच लहान लहान सुधारणांनीं वाढली आहे. तेथें प्रत्येक सुधारणेबरोबर ती कां केली हें थोडक्यांत लिहावें लागतें. आणि हें कारण आम्हांस सुधारणेइतकेंच मोलाचें वाटतें.

आतां एका तुकड्याची हकीकत ऐका. मोल्सवर्थच्या कोशांत शब्द शोधावयाचा असला म्हणजे आपण पहिल्या पानापासून वाचीत बसत नाहीं. कोश मधोमध उघडतों. शब्द पुढें असेल तर मागचा अर्धा भाग सोडून देतों, आणि उरलेल्याचा पुन्हा मध्य पाहतों. एखाद्या कोशांत ६५,००० शब्द असले, तरी ह्या रीतीनें फार तर सोळा वेळां पाहून शब्द हातीं लागतो. संगणकावर हीच रीत दहाबारा ओळींत लिहितां येते.

अमेरिकेंतील जॉन बेंटले हे १९८३ पासून एका मासिकांत प्रोग्रॅमरांसाठीं अशा युक्तींचें सदर लिहीत असत. त्या लेखांचें पुस्तक १९८६ सालीं निघालें. त्यांत त्यांनीं शोधाची ही रीत घेतली, मुरलेल्या माणसांसही ती सहजासहजीं बिनचूक लिहितां येत नाहीं हें दाखविलें, आणि आपली स्वतःची कृति पारखून वाचकांपुढें ठेविली. तरीही तींत एक चूक राहिली!

चूक अशी. मध्य काढण्यासाठीं खालचा व वरचा असे दोन क्रमांक मिळवून बेरजेस दोहोंनीं भागावयाचें. गणित निर्दोष आहे. परंतु जावा ह्या भाषेंत साध्या पूर्णांकास ३२ बिट एवढीच जागा मिळते, आणि तेवढ्यांत २,१४,७४,८३,६४७ ह्याहून मोठी संख्या मावत नाहीं. बेरीज ह्यापलीकडे गेली कीं ती फिरून ऋण होते, आणि उणें क्रमांकाचें पान कोणत्या कोशांत असणार? यादी सुमारें १०७ कोटींहून मोठी असेल तेव्हांच हें घडतें. १९८६ सालीं एवढ्या याद्या कोण करीत होतें? म्हणून चूक निजून राहिली. बेंटले ह्यांच्या व्याख्यानास एके काळीं बसलेले जोशुआ ब्लॉक ह्यांनीं जावाच्या ग्रंथालयासाठीं हीच रीत लिहिली, आणि तींतही तीच चूक उतरली. २००६ सालीं त्यांनीं ती स्वतःच जाहीर केली. उपाय केवढा? दोन क्रमांक मिळवूं नयेत; वरच्यांतून खालचा वजा करून त्या वजाबाकीचें अर्ध खालच्यांत मिळवावें. २० व ५० घेऊन पाहा: दोन्ही रीतींनीं ३५ च येतात, परंतु दुसरींत बेरीज मर्यादेबाहेर जात नाहीं.

तेव्हां उसन्या ओळी घेऊंच नयेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चूक ज्या वाटेनें पसरली त्याच वाटेनें दुरुस्तीही पसरली. धोका घेण्यांत नसून न पाहतां घेण्यांत आहे. ७ ह्या हजेरी क्रमांकास डावीकडे शून्यें लावून ००७ करावयाचे, एवढेंच काम करणारा 'लेफ्ट-पॅड' नांवाचा ११ ओळींचा तुकडा एनपीएम ह्या भांडारांत होता. मार्च २०१६ मध्यें दुसऱ्याच एका नांवावरून वाद होऊन त्याच्या कर्त्यानें आपलें सर्व काम भांडारांतून काढून घेतलें. त्याबरोबर जगभर हजारों प्रोग्रॅमांची बांधणी अडली. आपण ह्या अकरा ओळींवर उभे आहों हें कित्येकांस ठाऊकच नव्हतें! सुमारें दोन तासांनीं तो तुकडा परत ठेवण्यांत आला, आणि पुढें असें काढून घेण्यावर भांडारानें निर्बंध घातले.

कायद्याचीही एक बाजू आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें प्रोग्रॅमाची गणना वाङ्मयकृतींत होते, म्हणून उघड्यावर दिसतो तेवढ्यानें तुकडा फुकट ठरत नाहीं. कर्त्याची परवानगी पाहावी लागते. एमआयटीच्या नांवानें चालणारा परवाना फार उदार आहे, परंतु कर्त्याचें नांव व परवान्याचा मजकूर राखावा एवढी अट त्यांतही आहे.

वर्गांत आम्ही दोनच गोष्टी पाहतों. ओळी कोठून आणल्या हें शेजारीं लिहिलें आहे काय, आणि मुलास फळ्यापाशीं उभें करून विचारलें तर प्रत्येक ओळीचें काम सांगतां येतें काय. दोन्ही असतील तर पूर्ण गुण. जो तुकडा दुसऱ्यास देईल त्यानें तो शक्य तितका लहान करावा, एकदां चालवून पाहावा, कोणत्या आवृत्तीवर चालविला तें लिहावें, आणि त्यांत स्वतःचा पासवर्ड राहिला नाहीं ना हें तपासावें. ही शेवटची गोष्ट मोठीं माणसेंही विसरतात.

जातां जातां एक युक्ति देतों. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं २००५ सालीं सुरू केलेल्या 'गिट' ह्या साधनांत केलेले सर्व बदल क्रमानें नोंदलेले असतात. काल चालणारा प्रोग्रॅम आज बिघडला आणि मध्यें १,००० बदल झाले असले, तर ते एकेक पाहण्याचें कारण नाहीं. 'गिट बायसेक्ट' ही आज्ञा कोश उघडण्याच्याच रीतीनें मधला बदल पुढें ठेविते. तो चांगला कीं बिघडलेला एवढें सांगत गेलें म्हणजे सुमारें दहा चांचण्यांत दोषी बदल सांपडतो. बदल ५,००० असले तर किती चांचण्या लागतील, तें मुलांनीं वहींत काढून आणावें.